खुंट्या कोण सरकवतं?

"परत!" मिताली ओरडली आणि हातातली पिशवी तिने तिथेच ढेकळांवर टाकली. "परत सरकवल्या! क्षितिज, बघ ना!"

"त्यात बघायचं काय?" मागून पाय ओढत येणारा तिचा चुलतभाऊ क्षितिज म्हणाला. "परवा सरकल्या, काल सरकल्या, आजही सरकल्या. खुंट्यांना उन्हाळ्याची सुट्टी लागलीय, त्या फिरायला जातात. सुट्टी असून कामाला जुंपलेले आपण दोघंच!"

तो एका दगडावर बसला आणि लगेच 'आई गं' करत उठला. दगड भल्या सकाळीच तापला होता.

मितालीला हसू आलं नाही. ती फार दमली होती. रोज सकाळी इथे यायचं, कडूनिंबाच्या खुंट्या ठोकायच्या, एका खुंटीपासून दुसरीपर्यंत फक्कीची पांढरी रेघ ओढायची, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाहावं तर रेघ पुसलेली आणि खुंट्या भलत्याच जागी! एखादं काम अवघड असेल तर माणूस नेट लावतो. पण तेच काम पुन्हा पुन्हा करायला लागलं की अंगातलं बळच जातं. यवतमाळच्या तिच्या मैत्रिणी या वेळी कूलरसमोर लोळत असतील. आणि ही इथे, घाटंजीच्या बाहेर, नरहर आजोबांच्या उतारावरच्या वावरात!

पण हे खूळ तिनेच आपणहून अंगावर घेतलं होतं. जेबासाठी.

आजोबांच्या वावराला लागूनच, उताराच्या खालच्या अंगाला अब्दुल गनींचं वावर होतं. सगळं गाव त्यांना गनीचाचा म्हणायचं. त्यांचा वांग्या-मेथीचा मळा होता, मळ्यात विहीर होती, आणि जेबा ही त्यांची नात. मितालीच्याच वयाची. दर सुट्टीत दोघी एकमेकींना सोडत नसत. पण या वर्षी विहीर होळीलाच कोरडी पडली आणि गनीचाचांनी सांगून टाकलं, "आता बस्स. या साली विहिरीले पाणी नाही थांबलं तं मी चाललो लोहाऱ्याले, पोराजवळ." जेबाचे वडील लोहाऱ्याला गॅरेजमध्ये कामाला होते. त्यांनी खोली बघायलाही सुरुवात केली होती. मळा बंद, म्हणजे जेबाही जाणार.

आणि विहिरीला पाणी थांबवायचं तर ते वर, आजोबांच्या उतारावर अडवायला हवं होतं. पाणलोटाच्या कामावरच्या संगीताताईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उताराला आडवा असा मातीचा बांध घालायचा, म्हणजे पावसाचं पाणी धावत न जाता बांधाशी थांबेल, जमिनीत मुरेल आणि खालच्या विहिरीत उतरेल. फक्त एक अट. बांधाची रेघ सगळीकडे एकाच पातळीत हवी. ती पातळी संगीताताई पाण्याने भरलेल्या लांब नळीने बघायच्या; दोन्ही टोकांना पाणी एकाच खुणेवर थांबलं की पातळी जुळली.

"अरे, आले का तुम्ही?" खालून जेबाचा आवाज आला. ती धापा टाकत वर चढत होती. तिने खुंट्या पाहिल्या आणि मटकन खाली बसली. "मायबाई! आजपण?"

"आजपण," क्षितिज म्हणाला. "उद्यापण. दहावीला जाईपर्यंत मी खुंट्याच ठोकत बसणार!"

तेवढ्यात स्कूटीवरून संगीताताई आल्या. त्यांनी रेघेकडे पाहिलं, डोक्यावरचा दुपट्टा सोडला आणि घाम पुसला.

"बांध घालायचं मशीन रविवारी दुसऱ्या गावाले जाते," त्या म्हणाल्या. "या टेकडीवरचे सारे बांध झाले, हे दोन वावरं तेवढे राह्यले. अशा वाकड्या रेघेवर बांध मी घालणार नाही बाप्पा. सारं पाणी एका टोकाले गोळा होईन आन् बांध फोडून सारी माती विहिरीत घालीन. त्यापेक्षा न घातलेला बरा."

"पण ताई, हे करतंय कोण?" मितालीने विचारलं.

"मी कोणाकोणाच्या वावरात राखण बसू, सांग?" संगीताताई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, नुसत्या थकलेल्या होत्या.

उत्तर नरहर आजोबांकडे तयार होतं. मुलांना सोडायला ते रोज स्कूटरवरून येत आणि आंब्याखाली छत्री उघडून उभे राहत. उभं आयुष्य सरकारी कचेरीत गेलेलं, त्यामुळे ते उभेसुद्धा रांगेत उभं राहिल्यासारखे राहत.

"कोण करतंय म्हणजे?" ते म्हणाले. "पश्चिमेकडच्या खुंट्या बघा, म्हणजे कळेल. गनीचंच काम! धुरा कोरायची जुनी खोड आहे त्याची."

धुरा म्हणजे दोन वावरांमधली हद्द. हा धुरा नांगराच्या तासागणिक दुसऱ्याने आपल्याकडे ढकलला, असं आजोबांचं आणि गनीचाचांचं एकमेकांबद्दल ठाम मत होतं. त्यापायी दोघे तालुक्याच्या कचेरीत इतके खेटे घालून आले होते की शेवटी भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. आता ते फक्त बोलत नसत.

जेबाचा चेहरा लाल झाला. "माझे दादामियाँ असं काहून करतीन? विहीर त्यायचीच हाय ना! ते तं म्हणतात, पूर्वेकडच्या खुंट्या पाहा. नरहरभौचंच काम हाय!"

"माझं?" आजोबांनी छत्री फटकन मिटली. "ही अशी पोरं बिघडतात!" आणि ते स्कूटरला किक मारून निघूनच गेले.

मिताली मात्र तिथेच उभी राहिली. आजोबा म्हणतात पश्चिम, गनीचाचा म्हणतात पूर्व. दोघांनी एकेकच टोक का पाहिलं असेल?

"आपण राखण बसू," ती म्हणाली.

"कुठे?" क्षितिजने घाबरून विचारलं.

मितालीने वरच्या अंगाला बोट दाखवलं. रानडुकरं हाकलायला बांधलेलं एक जुनं मचाण तिथे होतं.

"उन्हात? दुपारी? मिताली, मला घरी म्हातारी आजी आहे!"

"ती माझीपण आजी आहे. चढ!"

सकाळीच तिघांनी खुंट्या उपटून पुन्हा जुन्या भोकांत ठोकल्या होत्या, पण चोराने ओढलेली पांढरी रेघ पुसायची राहिली होती. दुपार चढली. मे महिन्यातली यवतमाळची दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून कळणार नाही, आणि पाहिली आहे त्यांना सांगायची गरज नाही. तिघं मचाणावर मोहाच्या फांद्या डोक्यावर ओढून बसली. पाण्याची बाटली गरम झाली. जेबाने आणलेल्या कांदा-भाकरीतली भाकरी कडक झाली. कोणी येईना, कोणी जाईना. एकदा शेजारची तानाबाई पऱ्हाट्या वेचत आली तेव्हा तिघांचे श्वास अडकले. पण ती सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन खुंट्यांकडे न बघताच निघून गेली.

"माझी फार इच्छा होती तानाबाईने खुंट्या उपटाव्यात," क्षितिज कुजबुजला. "निदान घरी जाता आलं असतं."

मितालीचे डोळे मिटत होते. झोप घालवायला ती समोरची पांढरी रेघ बघत राहिली. वरून ती रेघ पूर्ण दिसत होती. आणि अचानक तिच्या लक्षात आलं.

"जेबा! ही रेघ सरळ आहे!"

"मंग?"

"आपण काढलेली कुठे सरळ होती? पाण्याची नळी धरून काढलेली रेघ टेकडीबरोबर वळते. अर्धी आमच्या वावरात होती आणि धुरा ओलांडून अर्धी तुमच्या. ही बघ, टोकापासून टोकापर्यंत धुऱ्यावरून चाललीय. कोणाला काम मोडायचं असतं तर त्याने खुंट्या फेकल्या असत्या. याने त्या नीट ठोकल्या होत्या! वर फक्कीही टाकलीय!"

"चोर आहे की ड्रॉइंगचे सर?" क्षितिज म्हणाला.

"श्शू!" जेबाने त्याचं डोकं खाली दाबलं. "कोणीतरी येऊन राह्यलं!"

पूर्वेच्या टोकाला एक छत्री दिसली.

छत्री हळूहळू खुंट्यांजवळ आली. छत्रीखालच्या माणसाने वाकून सकाळी मुलांनी नव्याने ठोकलेली पहिली खुंटी उपटली, पावलं मोजत खाली धुऱ्यावर नेली, दगडाने ठोकली, मागे सरकून एक डोळा मिटून ती ओळीत आहे का पाहिलं. मग खिशातून काहीतरी काढलं आणि त्यातून फक्की चाळायला सुरुवात केली.

"आजीची चहाची गाळणी!" क्षितिजचे डोळे विस्फारले. "म्हणून दोन दिवस चहात पत्ती येतेय!"

 मितालीला वाटलं होतं, चोर सापडला की आपल्याला आनंद होईल. पण आनंद कसला! पेन्शनर मंडळाच्या बैठकीला जातो म्हणून सांगून बाहेर पडणारे तिचे आजोबा ते! अर्ध्या खुंट्या झाल्यावर ते थांबले, कंबर धरून कसेबसे उभे राहिले, आणि रुमालाने मान पुसत निघून गेले.

"मी म्हटलं होतं," जेबा हळूच म्हणाली. तिला ते बोलून बरं वाटलं असावं. पण फार वेळ नाही. कारण पश्चिमेच्या टोकाकडून काठीचा ठक ठक आवाज येऊ लागला होता.

गनीचाचांचे गुडघे वाकत नसत. ते प्रत्येक खुंटीपाशी आधी काठी टेकत, मग हात टेकत, मग बसत. खुंटी हलवून काढायला त्यांना किती वेळ लागत होता! आपल्या वावरातली एकेक खुंटी उपटून ते फरफटत वर धुऱ्यावर नेत होते आणि नरहर आजोबांच्या शेवटच्या खुंटीला जोडून ओळ लावत होते.

जेबाने तोंडावर ओढणी धरली. "त्यायचीच विहीर हाय," ती म्हणाली. "त्यायचीच."

 शेवटी क्षितिजला राहवलं नाही.

"एक मात्र आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालंय!"

रडता रडता जेबाला हसू फुटलं. मितालीला मात्र क्षितिज चेष्टेत जे बोलला त्यातच सगळं दिसलं. दोघांनाही बांध धुऱ्यावरच हवा होता! कारण बांध वर गेला तर खाली उरलेला तुकडा गनीचा होईल, अशी आजोबांना भीती. बांध खाली आला तर वर उरलेला तुकडा नरहरचा होईल, अशी गनीचाचांना भीती. बांध म्हणजेच हद्द, असं दोघे धरून बसले होते.

"चल, संगीताताईंना सांगू," क्षितिज उठला.

"सांगून काय होईल?" मिताली म्हणाली. "आजोबा म्हणतील, बघा, गनी सरकवत होता. चाचा म्हणतील, बघा, नरहर सरकवत होता. दोघांचंही खरंच आहे. पुन्हा कचेरी, पुन्हा खेटे. मशीन निघून जाईल."

"मंग काय करायचं?" जेबाने विचारलं.

मितालीने खालच्या सरळ रेघेकडे पाहिलं. "आपण काहीच बोलायचं नाही. पाण्याला बोलू द्यायचं."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मितालीने आजोबांना सांगितलं, "ताईंकडे माणूस कमी आहे, नळीचं एक टोक फक्त धरा." जेबाने दादामियाँना तेच सांगितलं. नातवंडांना नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि खरं कारण दोघांनाही देता येण्यासारखं नव्हतं. त्यामुळे दोघे आले. एकमेकांकडे न बघता आले.

संगीताताईंची ती पारदर्शक नळी लांबलचक होती आणि पाण्याने भरलेली होती. दोन्ही टोकं दोन काठ्यांना बांधलेली. मितालीने एक काठी आजोबांच्या हातात देऊन त्यांना धुऱ्यावर पूर्वेला उभं केलं. जेबाने गनीचाचांना धुऱ्यावरच पश्चिमेला.

"बरोबर रेघेवर उभं राहा हं, आजोबा," मिताली साळसूदपणे म्हणाली. "आता टोकावरचा अंगठा काढा!"

दोघांनी अंगठे काढले. आणि आजोबांच्या टोकातून पाणी भळभळा बाहेर आलं! चपलेवर, पँटवर, इस्त्रीच्या घडीवर!

"अरे, अरे! हे काय!" आजोबा नाचायलाच लागले. "गनी! नळी खाली घे बे! सारं पाणी माझ्याकडे येऊन राह्यलं!"

रागात आजोबांची कचेरीतली भाषा गळून पडत असे.

"मी काय करू?" पलीकडून गनीचाचा ओरडले. "मी तं रेघेवर उभा हाय! तूच वर सरक ना नरहरभौ!"

"तू खाली उतर!"

"तू वर चढ!"

इतक्या वर्षांत दोघे एकमेकांशी पहिल्यांदा बोलले ते हे. पाणी मात्र थांबेना. शेवटी आजोबा चडफडत आपल्या वावरात वर चढले. गनीचाचा काठी टेकत आपल्या वावरात खाली उतरले. "अजून वर!" "अजून खाली!" अशी हाळी देत देत एका जागी नळीतलं पाणी डुलायचं थांबलं. दोन्हीकडे एकाच खुणेवर. दोघांनी आपल्या पायांखाली पाहिलं. जिथून त्यांनी स्वतः खुंट्या उपटल्या होत्या, नेमक्या त्याच भोकांशी ते उभे होते.

"बांध धुऱ्यावर घातला तर पावसाळ्यात हेच होईल," मिताली म्हणाली.  "आता पँट भिजली. तेव्हा तुमची माती जाईल आजोबा, आणि चाचांची विहीर गाळाने भरेल."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मचाणाकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं.  त्यांचे कान लाल झाले.

"आन् बांधाच्या वरतं राह्यलेला माहा तुकडा?" गनीचाचांनी विचारलं. तो प्रश्न नव्हता, वर्षानुवर्षांचा थकवा होता.

"माझाही खाली राहतोच आहे की," आजोबा पुटपुटले.

"मग अदलाबदल करा!" क्षितिज म्हणाला.

"हॅट!" दोघे म्हातारे एकदम गरजले.

"जमीन नका बदलू," मिताली घाईने म्हणाली. "आधी धुरा पक्का करा. तुम्ही दोघांनी मिळून दगड रोवा, त्याला लागून घायपात लावा. घायपात काटेरी असते, ती कोणाला सरकवता येणार नाही. मग बांध कुठूनही जाऊ दे! घायपात दिसली की धुरा, गवत दिसलं की बांध."

 इतक्यात संगीताताई पुढे आल्या. मुलांनी सकाळीच त्यांना नळीचा बेत कानात सांगून ठेवला होता.

"चुकलं माझंच," त्या म्हणाल्या. "दोघायच्या घरी जाऊन होकार आणला मी. पण दोघायले मिळून एकदाही वावरात उभं नाही केलं. ज्याची जमीन त्यानं सोबत फिरून रेघ पाह्यली नाही, तं ती रेघ त्याले परकीच वाटन. नरहरकाका, तुमचं वावर वर हाय. तुम्ही होय म्हणान तरच खालच्यायचं काम होते."

आजोबांनी ओली पँट झटकली. "धुऱ्याचा दगड कुठे रोवायचा, गनी? तू म्हणतो तिथे, की मी म्हणतो तिथे?"

"मधात," गनीचाचा म्हणाले. "लय झालं आता."

दगड रोवायला दुपार लागली. मध्ये दोनदा भांडण झालं, एकदा बांधावरचं गवत कोणी कापायचं यावरून आणि एकदा उगाचच. शेवटी निम्मं निम्मं ठरलं. नाल्याकाठची घायपातीची रोपं जेबा आणि क्षितिजने खणून आणली, हात ओरबाडून घेतले. जादा पाणी बाहेर जाण्यासाठी बांधाच्या टोकाला दगड रचून वाट करायची होती. ते काम जमीनमालकांनीच करायचं होतं. आजोबा दगड उचलत होते, गनीचाचा बसल्या बसल्या रचत होते, आणि 'तसा नाही, असा' हे मात्र दोघेही म्हणत होते.

शनिवारी मशीन आलं आणि संध्याकाळपर्यंत टेकडीला वळसा घालत बांध उभा राहिला. वेडावाकडा आणि एकदम बरोबर! गावातले लोक पाहायला जमले. संगीताताईंनी तिघांना सगळ्यांपुढे उभं करून सांगितलं, "हे पोरं नसते तं मी हे वावरं सोडून दिले असते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मितालीच्या शुभदा आजी नवी गाळणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी ती न बोलता आजोबांच्या हातात दिली.

आजोबांनी मितालीच्या डोक्यावर हात ठेवला. "कचेरीत मी पुष्कळ प्रकरणं मिटवली," ते म्हणाले. "माझं मिटवायला तू लागलीस. शाबास." मग थोडं थांबून म्हणाले, "दमलो गं."

"मीपण, आजोबा," मिताली म्हणाली आणि त्यांच्या शेजारी मातीतच बसली.

पाऊस यायचा होता. विहीर अजून कोरडीच होती. पाणी थांबेल की नाही, ते त्या संध्याकाळी कोणालाच ठाऊक नव्हतं. गनीचाचा काठी टेकत नव्या बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. जेबा त्यांच्याकडे बघत श्वास रोखून उभी होती. विचारायची तिची हिंमत होत नव्हती.

गनीचाचा तिच्यापाशी येऊन थांबले.

"अब्बा को फोन लगा," ते म्हणाले. "बोल, खोली मत देखो. आन् घरी जाऊन दादीले सांग, वांग्याचं बी काढून ठेव म्हणा. उद्या वाफा करू."